हायब्रिड बेस ॲम्प बिघडला तर: आधी कान, मग मीटर, शेवटी सोल्डर

बेस ॲम्प (बेस गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी) बंद पडला की ओळखीतला कोणीतरी हमखास सांगतो, "ट्यूब गेली असेल, बदलून टाक." बिचारी ट्यूब. पुढच्या जाळीतून केशरी चमकते, म्हणून सगळा आळ तिच्यावर. माझ्या टेबलावर आलेल्या हायब्रिड ॲम्पमध्ये दोष खरोखर ट्यूबचा निघाला तर आता मलाच नवल वाटतं. दोष निघतो गंजलेल्या जॅकमध्ये, धुळीने जाम झालेल्या पंख्यात, सोल्डर सुटलेल्या रेझिस्टरच्या पायात, नाहीतर शॉर्ट झालेल्या आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये. म्हणून हा लेख ट्यूब कशी बदलावी हे सांगण्यासाठी नाही. दोष पेटीच्या कुठल्या अर्ध्यात आहे हे आधी कसं ओळखायचं, आणि ते करताना स्वतःला शॉक आणि स्पीकरला आग कशी लागू द्यायची नाही, ते सांगण्यासाठी आहे.

मल्टिमीटरवर व्होल्ट आणि ओहम मोजता येतात आणि सोल्डरिंग आयर्न हातात धरल्यावर थरथर होत नाही, एवढं तुम्हाला येतं असं मी धरून चालतो. तेही येत नसेल तर पेटी उघडण्याच्या आधीचा भाग तेवढा वाचा. बरेच ॲम्प तिथेच बरे होतात.

पेटीत दोन वेगळे स्वभाव

हायब्रिड म्हणजे पुढे ट्यूब, मागे ट्रान्झिस्टर. गिटारचा बारीक सिग्नल प्रीॲम्पमध्ये (सिग्नल आधी तयार करणाऱ्या पुढच्या भागात) १२एएक्स७ नावाच्या ट्यूबमधून जातो. (युरोपात हिलाच ईसीसी८३ म्हणतात. आपल्या आजोबांच्या भाषेत 'व्हॉल्व्ह'.) पुढची ताकदीची कामं, म्हणजे पॉवर ॲम्प, ट्रान्झिस्टर नाहीतर मॉसफेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) करतात. हार्टकेचा एचए३५००, अँपेगचा एसव्हीटी-३ प्रो ही याच जातीची नावं. आपल्याकडच्या रिहर्सल रूममध्ये हार्टके तर सारखा दिसतो.

दोन्ही अर्ध्यांचा धोका वेगळा आहे, हे डोक्यात पक्कं बसवा. ट्यूबच्या प्लेटला (तिच्या आतल्या पत्र्याला) दीडशे ते तीनशे व्होल्ट डीसी असतात, पण करंट जेमतेम एक मिलीॲम्पिअरच्या आसपास. पॉवर ॲम्पमध्ये उलटं. साधं गणित करा: ४ ओहमवर ३५० वॅट हवे असतील तर सुमारे ३७ व्होल्ट आरएमएस (म्हणजे एसी मीटरवर दिसणारा आकडा) लागतात, म्हणजे शिखराला ५३ व्होल्ट. त्यासाठी आतली रेल (पॉवर सप्लायची लाइन) अधिक-उणे ६० व्होल्टच्या आसपास ठेवावी लागते आणि शिखराला १३ ॲम्पिअर वाहतात. उणेपासून अधिकपर्यंत मोजलं तर १२० व्होल्ट. ट्यूबची बाजू शॉक देते. ट्रान्झिस्टरची बाजू शॉकही देते आणि बोटातली अंगठी स्क्रू-ड्रायव्हरला वेल्डही करते.

पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर १०,००० मायक्रोफॅरडचे असतात. पिन काढल्यावरही त्यांत ६० व्होल्ट बसलेले असू शकतात. त्यांच्यावर स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणारे 'अनुभवी' लोक मी पाहिलेत. टोकं वितळलेले त्यांचे स्क्रू-ड्रायव्हरही पाहिलेत.

नवशिक्याच्या फायद्याचा एक फरक मात्र आहे. पूर्ण ट्यूबचा ॲम्प स्पीकर न लावता चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. हायब्रिडच्या मागच्या टोकाला ट्रान्झिस्टर असतात, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे स्पीकर न जोडता तो चालवायला हरकत नाही. आपण तपासणी तशीच करणार आहोत. दोष असलेल्या ॲम्पला स्पीकर जोडायचाच नाही; आवाज ऐकावाच लागेल तेव्हाची अट पुढे येते. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल तर ६० व्होल्ट डीसी सरळ व्हॉइस कॉइलवर (स्पीकरच्या आतल्या तारेच्या वेटोळ्यावर) जातात. ४ ओहमच्या स्पीकरचं कॉइल डीसीला तीन-साडेतीन ओहमचं असतं, म्हणजे हजार वॅटची शेगडी. कोन बाहेर ढकलला जाऊन तिथेच थांबतो आणि काही सेकंदांत वास येतो.

हलके, दोन-तीन किलोचे नवे ॲम्प मात्र या लेखात धरू नका. त्यांत लोखंडी ट्रान्सफॉर्मर नसतो, स्विचिंग सप्लाय असतो. त्याच्या पहिल्या कपॅसिटरवर २३० व्होल्ट एसी सरळ करून सुमारे ३२५ व्होल्ट डीसी बसलेले असतात, तेही मेनपासून वेगळे न केलेले. त्यांची बाहेरची साफसफाई करा, बोर्डाला हात लावू नका.

हात घालण्याआधी

स्विच बंद म्हणजे बंद नव्हे. पिन सॉकेटमधून काढून डोळ्यांसमोर टेबलावर ठेवा. घड्याळ, अंगठी, गळ्यातली चेन, हातातलं कडं, सगळं काढा. पायात रबरी चप्पल, खाली कोरडी फरशी. घरात दुसरं कोणीतरी असू द्या आणि मेन स्विच कुठे आहे ते त्यांना दाखवून ठेवा. चालू ॲम्पमध्ये मोजायचं तर काळी प्रोब क्रोकोडाइल क्लिपने चॅसीला (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला) अडकवा, लाल प्रोब एका हातात, दुसरा हात खिशात. करंट एका हातातून दुसऱ्या हातात गेला तर वाटेत छाती लागते, म्हणून ही सवय.

"आमच्याकडे आरसीसीबी आहे, काही होत नाही," असं म्हणू नका. आरसीसीबी म्हणजे गळती पकडून वीज तोडणारा स्विच; मेनमधून गेलेला करंट परत आला नाही तरच ती पडते. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, ट्यूबच्या तीनशे व्होल्टला हात लागला तर आरसीसीबीला पत्ताही लागत नाही.

कपॅसिटर रिकामे करण्यासाठी दोन रेझिस्टर करून ठेवा. पॉवर सप्लायच्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरसाठी १०० ओहम, १० वॅट. ट्यूबच्या बाजूसाठी १० किलोओहम, ५ वॅट. दोन्हींना इन्सुलेटेड क्लिपा. १०,००० मायक्रोफॅरडला १०० ओहम लावला की पाच-सहा सेकंदांत तो जवळजवळ रिकामा होतो. मी दहा मोजतो. अधिक आणि उणे दोन्ही रेल रिकाम्या करा, मग मीटरने मोजा. दोन व्होल्टच्या खाली दिसेपर्यंत बोट आत नाही. मीटरही जरा बरा घ्या, ६०० व्होल्ट कॅट थ्री लिहिलेला. रस्त्यावरच्या दोनशे रुपयांच्या पिवळ्या मीटरची प्रोब तीनशे व्होल्टवर हातात सुटणं ही मजेची गोष्ट नाही.

आता अर्थिंग. गणपतीच्या मांडवात घरघर आली की पहिला उपाय म्हणजे तीन-पिनमधली वरची मोठी पिन मोडणे. घरघर जाते हे खरं. पण बेसच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून ॲम्पच्या चॅसीला जोडलेल्या असतात. चॅसीचं अर्थिंग तोडलं आणि आत कुठे फेज चॅसीला लागली, की तारांवर २३० व्होल्ट, आणि ओठ माइकला. तपासायला सोपं आहे: पिन बाहेर असताना तिच्या मोठ्या दांड्यापासून चॅसीच्या उघड्या स्क्रूपर्यंत ओहम मोजा. एकापेक्षा कमी यायला हवा. नाही आला तर बाकी सगळं राहू द्या, पहिली दुरुस्ती हीच.

पेटी न उघडता

गिटारची केबल बदला. हसू नका. मग म्यूटचं बटण पाहा. ट्यूनर लावताना दाबलेलं म्यूट तसंच राहिल्याने 'बंद पडलेले' ॲम्प माझ्याकडे रिक्षाने आलेत.

यानंतर मागच्या बाजूची इफेक्ट्स लूपची दोन भोकं शोधा: सेंड आणि रिटर्न. नवशिक्याचं खरं हत्यार हेच, कारण प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प यांच्या मधली शिवण इथे बाहेरून हाताला लागते. रिटर्नच्या जॅकमध्ये एक छोटी पत्ती असते. जॅकमध्ये काही खुपसलेलं नसताना ती पत्ती सेंड आणि रिटर्न आपसांत जोडून ठेवते. वर्षानुवर्षं कोणी ते भोक वापरत नाही, पत्तीवर काळपट थर चढतो आणि आवाज कधी येतो, कधी बारीक होतो, कधी जातो. कोकणातून आणि गोव्यातून येणाऱ्या ॲम्पमध्ये, खाऱ्या हवेमुळे, मी सगळ्यात आधी इथेच बघतो. एक छोटी पॅच केबल सेंडमधून रिटर्नमध्ये लावा. आवाज खणखणीत आला तर दोष सापडला. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जॅकमध्ये पिन वीस वेळा आत-बाहेर करा.

तरीही गप्प असेल तर शिवणीवरून दोन तुकडे करा. सेंडमधून केबल काढून दुसऱ्या कुठल्याही ॲम्पच्या इनपुटला द्या. तिथे बेस ऐकू आला तर प्रीॲम्प ठीक, ट्यूब ठीक, दोष मागे. उलट, मोबाइलवर टोन जनरेटर ॲप टाकून १०० हर्ट्‌झचा सूर बारीक आवाजात रिटर्नमध्ये द्या. मागून आवाज आला तर पॉवर ॲम्प ठीक, दोष पुढे. पाच मिनिटांचं काम, पण यानंतर अर्धी पेटी विसरता येते. या चाचणीसाठी स्पीकर जोडावा लागतो, म्हणून एक अट: ॲम्प फ्यूज उडवत नसेल, जळका वास नसेल, आणि चालू करताच 'धप्प' होऊन कोन एकीकडे ताणला जात नसेल तरच. यांतलं एक जरी असेल तर ही चाचणी सोडा. जोडायचाच तर जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर.

घरघर असेल तर मीटरच्या आधी बेस हातात घ्या. आपली वीज ५० हर्ट्‌झची. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटवरचा जी सूर ४९ हर्ट्‌झचा आहे, आणि मोकळी जी तार ९८ हर्ट्‌झची. घरघर तिसऱ्या फ्रेटच्या जीशी जुळतेय असं वाटलं, किंचित चढी, तर ती ५० हर्ट्‌झची: अर्थिंगचा फेरा, उघडं पडलेलं शील्ड, जॅकचा सुटलेला ग्राउंड. मोकळ्या जी तारेशी जुळली तर १०० हर्ट्‌झची, म्हणजे रेक्टिफायरनंतरचा (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतरचा) फिल्टर कपॅसिटर थकला असण्याची शक्यता मोठी. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही तीच घरघर तशीच राहिली तर संशय पक्का. बेस वाजवणाऱ्याला हे आयतं मिळालेलं मीटर आहे आणि फार थोडे ते वापरतात.

आणखी एक खूण. हळू वाजवलं की आवाज फाटका, खरखरीत, आणि जोरात एक सूर मारला की एकदम साफ: हा आउटपुट रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा) काळवंडलेला कॉन्टॅक्ट. रिले बदला, घासत बसू नका.

शेवटी फ्यूज. काच पाहा. आतली तार नुसती मधे तुटलेली असेल तर कदाचित म्हातारपणाने किंवा एखाद्या क्षणिक झटक्याने गेला. काच आतून काळी किंवा आरशासारखी चंदेरी झाली असेल तर आत घट्ट शॉर्ट आहे, दुसरा फ्यूज टाकून पाहणं म्हणजे दहा रुपये जाळणं. फ्यूजवर टी ६.३ ए असं काही लिहिलेलं असतं. टी म्हणजे सावकाश उडणारा. तोच हवा. सिगरेटची चांदी किंवा तार गुंडाळलेला फ्यूज मला दिसला की मी दर दुप्पट सांगतो.

अमेरिकेतून कोणी मामा-काका ॲम्प घेऊन आले असतील तर मागची प्लेट वाचा. १२० व्होल्टचा ॲम्प आपल्या २३० व्होल्टला लावला की फ्यूज उडतो, आणि नशीब असेल तर फक्त फ्यूजच उडतो. व्होल्टेज निवडायचा स्विच असेल तर तो २३० वर करून फ्यूज त्याप्रमाणे बदला, आधीच्या आकड्याच्या साधारण निम्म्या ॲम्पिअरचा. स्विच नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, ॲम्पच्या वॅटेजला पुरेल असा.

उघडल्यावर: नाक, डोळे आणि अगरबत्तीची काडी

पिन बाहेर, दहा मिनिटं थांबा, झाकण उघडा, कपॅसिटर रिकामे करा, मोजा. मोबाइलने चारही बाजूंनी फोटो काढा. नंतर "ही पांढरी वायर कुठली?" हा प्रश्न पडतोच.

आधी वास घ्या. जळालेल्या रेझिस्टरचा वास महिनाभर टिकतो. मग धूळ: मऊ रंगाच्या ब्रशने, पंख्याचं पातं बोटाने धरून. पातं मोकळं फिरतंय का पाहा. अर्ध्या तासाने बंद पडून थंड झाल्यावर चालू होणाऱ्या ॲम्पमध्ये पंखा आणि हीटसिंकच्या फटी यांच्याशिवाय काही नसतं, बरेचदा. फुगलेल्या डोक्याचे कपॅसिटर, तपकिरी झालेला बोर्ड, झुरळांची अंडी (हो), सगळं टिपून ठेवा.

मागच्या पावसाळ्यात एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रातल्या बेसिस्टचा ॲम्प आला. पंचवीस मिनिटं छान, मग आवाज फाटायचा. वरून थाप मारली की ठीक. दोन ट्यूब आधीच बदलून झाल्या होत्या. बोर्डावर ५ वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर होता, १ किलोओहमचा. उणे ६० व्होल्टची रेल उणे १५ वर आणून प्रीॲम्पच्या आयसींना देणं हे त्याचं काम. ४५ व्होल्ट त्याच्यावर पडतात, म्हणजे ४५ मिलीॲम्पिअर आणि दोन वॅट उष्णता, अखंड. बोर्ड त्याच्याखाली चहाच्या डागासारखा झालेला. भिंगाखाली धरलं तर पायाभोवती सोल्डरमध्ये केसाइतकी गोल भेग. तापलं की पाय लांबतो, भेग उघडते, उणे १५ व्होल्ट गायब, आवाज फाटतो.

अशा भेगा शोधायला मी अगरबत्तीची काडी वापरतो, मसाला खरवडलेली. कोरडी, बांबूची, वीज न वाहणारी. ॲम्प चालू, स्पीकर मघाच्याच अटीवर, एक हात खिशात, काडीने एकेक भाग हलकेच ढोसायचा. जिथे ढोसल्यावर आवाज बदलतो तिथे किंवा आसपास दोष. बोर्डावर सोल्डर केलेलं ट्यूबचं सॉकेट, इनपुट जॅक आणि पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर) यांचे पाय याच रोगाचे. उपाय म्हणजे जुनं सोल्डर पंपाने पूर्ण ओढून काढा, फ्लक्स लावा, नवीन भरा. जुन्यावर नुसतं नवं थापलं तर सहा महिन्यांत भेग परत. तो रेझिस्टर मी बदलला आणि नवा बोर्डापासून पाच मिलिमीटर वर उचलून बसवला, म्हणजे खालून हवा जाईल.

सिरीज बोर्ड

फ्यूज उडालेला ॲम्प सरळ सॉकेटला लावायचा नाही. इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज बोर्ड करा: फेजच्या वायरमध्ये एक बल्ब होल्डर, पुढे सॉकेट. बल्ब जुन्या पद्धतीचा, तारेचा, ६० किंवा १०० वॅटचा. एलईडी चालत नाही, कारण तारेचा बल्ब तापला की त्याचा रोध वाढतो आणि करंट अडवतो, तेच तर आपल्याला हवं आहे. अर्थिंगची वायर बल्बला वळसा घालून सरळ सॉकेटला.

स्पीकर काढलेला, व्हॉल्यूम शून्य, मग चालू करा. बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंद झाला: मोठा शॉर्ट नाही. लख्ख पेटून तसाच राहिला: शॉर्ट आहे, लगेच बंद करा. ट्यूबचं हीटर आणि पंखा यांच्यामुळे थोडी लाली राहते, ती चालेल. बल्बमुळे आत व्होल्टेज कमी पोचतं, त्यामुळे रिले 'टक' करणार नाही, त्याचीही काळजी नको. डिमरस्टॅट (व्होल्टेज हळूहळू चढवता येणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर उत्तमच, पण बल्ब सोबत ठेवाच. आणि एवढं लक्षात असू द्या की बल्ब ॲम्पला वाचवतो, तुम्हाला नाही. आतले व्होल्टेज तितकेच जिवावरचे.

बल्ब लख्ख राहिला तर बऱ्याच ॲम्पमध्ये आत रेलचे वेगळे फ्यूज असतात, पिन काढून, कपॅसिटर रिकामे करून ते काढा आणि ॲम्प पुन्हा सिरीज बोर्डवर लावून पाहा. बल्ब मंद झाला तर दोष त्या फ्यूजच्या पुढे, म्हणजे आउटपुटमध्ये. तरीही लख्ख असेल तर रेक्टिफायर ब्रिज, फिल्टर किंवा ट्रान्सफॉर्मर. ब्रिज मीटरच्या डायोड मोडवर तपासा. चाळीस-पन्नास रुपयांचा ब्रिज पाहायचा राहिला म्हणून आउटपुटचे सगळे ट्रान्झिस्टर उपसणारे लोक आहेत.

आउटपुट ट्रान्झिस्टर

पिन बाहेर, कपॅसिटर रिकामे. मीटर डायोड मोडवर. साध्या ट्रान्झिस्टरमध्ये 'बेस' नावाच्या पायापासून (इथे गिटारचा संबंध नाही) एमिटर आणि कलेक्टर या बाकीच्या दोन्ही पायांकडे एका दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्ट यायला हवेत. कलेक्टर-एमिटरमध्ये शून्याच्या आसपास येऊन मीटर ओरडला तर शॉर्ट. एका बाजूला तीन-चार ट्रान्झिस्टर समांतर असतात, त्यामुळे एक गेला तरी सगळे गेल्यासारखे दिसतात. खरा मेलेला ओळखायला प्रत्येकाचा एमिटर रेझिस्टर मोजा, ०.२२ किंवा ०.३३ ओहमचा. जो तुटलेला दिसेल, बहुधा त्याचाच ट्रान्झिस्टर गेलेला. खात्रीसाठी सुटा करून तपासा.

मेलेला एकच असला तरी त्या बाजूचे सगळे बदला, आणि शक्य असेल तर दोन्ही बाजूंचे. मधले ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, छोटे रेझिस्टर, बायसचा (सिग्नल नसतानाचा करंट ठरवणारा) ट्रान्झिस्टर, सगळे मोजा. मॉसफेट असतील तर गेटचे रेझिस्टर आणि झेनर. नुसते आउटपुट बदलून चालू केलं आणि ड्रायव्हर गेलेला असेल तर नवे ट्रान्झिस्टर डोळ्यांदेखत, अर्ध्या सेकंदात जातात. मी शिकत असताना दोन हजारांचे असे घालवलेत.

खरेदीबद्दल एक शब्द. २एससी५२०० आणि २एसए१९४३ ही जोडी आपल्याकडे लोक नुसत्या नंबराने मागतात. मूळ भाग २३० व्होल्ट, १५ ॲम्पिअरचा. नकली माल इतका आहे की पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, किंमत फारच गोड वाटली तर मागे वळा. मॉसफेट असोत की ट्रान्झिस्टर, जो नंबर बोर्डावर होता तोच, बिल देणाऱ्या दुकानातून किंवा अधिकृत वितरकाकडून.

बसवताना ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधला अभ्रकाचा पापुद्रा विसरायचा नाही. दोन्ही बाजूंना थर्मल पेस्टचा पातळ थर, श्रीखंडासारखा जाड नको. स्क्रू आवळल्यावर ट्रान्झिस्टरच्या पाठीपासून हीटसिंकपर्यंत मीटरने तपासा. पापुद्रा असलेल्या जागी मीटर गप्प राहायला हवा. काही ॲम्पमध्ये पापुद्राच नसतो, हीटसिंकच रेलच्या व्होल्टेजला जोडलेला असतो. म्हणून चालू ॲम्पच्या हीटसिंकला 'तापलाय का' म्हणून हात लावू नका.

ट्यूबची बाजू

दोष पुढच्या अर्ध्यात निघाला तरच इथे यायचं. १२एएक्स७ ला नऊ पिना. खालून, सोल्डरच्या बाजूने पाहिलं तर मोकळ्या फटीपासून घड्याळाच्या दिशेने एक ते नऊ मोजायच्या. वरून पाहिलं तर उलट दिशेने. हीटर ४, ५ आणि ९ वर. कुठे ४ आणि ५ मध्ये १२.६ व्होल्ट मिळतात, कुठे ४-५ एकत्र करून ९ शी ६.३. ट्यूब अंधारात अजिबात लालसर दिसत नसेल तर आधी हे मोजा.

मग प्लेट, म्हणजे पिन १ आणि ६ (एका काचेत दोन ट्यूब असतात, म्हणून दोन). समजा सप्लाय २५० व्होल्ट आहे, प्लेटचा रेझिस्टर १०० किलोओहम आणि कॅथोडचा (हीटरने तापणाऱ्या दुसऱ्या टोकाचा) दीड किलोओहम. प्लेटवर १६० व्होल्ट दिसले तर ९० व्होल्ट रेझिस्टरवर पडले, म्हणजे ०.९ मिलीॲम्पिअर, मग कॅथोडवर, पिन ३ किंवा ८ ला, १.३५ व्होल्ट यायला हवेत. आले तर ट्यूब जिवंत आहे आणि काम करतेय. प्लेटवर पूर्ण २५० आणि कॅथोडवर शून्य: ट्यूबमधून करंटच जात नाही. प्लेटवर शून्य: सप्लायचा किंवा प्लेटचा रेझिस्टर तुटलेला. मात्र एखाद्या अर्ध्यात प्लेट पूर्ण सप्लायवर आणि कॅथोड शंभर-दीडशे व्होल्टवर दिसला तर घाबरू नका, तो कॅथोड फॉलोअर (सिग्नल न वाढवता पुढे देणारी जोडणी) आहे, त्याची रीतच तशी. काही स्वस्त ॲम्पमध्ये ट्यूबला जेमतेम काही दहा व्होल्ट देऊन नावापुरती ठेवलेली असते; तिथे कमी आकडा हा दोष नाही. सर्किटचा नकाशा मिळाला तर त्यावरचे आकडे माझ्या आकड्यांपेक्षा मोठे.

चालू ट्यूबवर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टिचकी मारा. स्पीकरमधून थोडं 'टुक' येणं ठीक, घंटेसारखं घुमत राहिलं तर ट्यूब मायक्रोफोनिक. बदला. प्रीॲम्पच्या ट्यूबला बायस लावावा लागत नाही, बंद करून, थंड झाल्यावर जुनी सरळ वर ओढायची, नवी पिना जुळवून दाबायची. बास.

परत जोडताना

पहिल्यांदा पुन्हा सिरीज बोर्डवर. बल्ब मंद झाला की आउटपुटवर डीसी मोजा, रिलेच्या आधीच्या बाजूला. पलीकडे मोजलं तर उघडा रिले खोटं शून्य दाखवतो. पन्नास मिलीव्होल्टच्या आत असेल तर ठीक, शंभरच्या वर गेलं तर थांबा, काहीतरी राहिलंय. मग बल्ब काढून सरळ मेनवर तेच पुन्हा.

आउटपुट बदलले असतील तर बायस लावावा लागतो. एमिटर रेझिस्टरवर मिलीव्होल्ट मोजायचे: ०.२२ ओहमवर ११ मिलीव्होल्ट म्हणजे ५० मिलीॲम्पिअर. नेमका आकडा त्या ॲम्पच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या, प्रीसेट (बोर्डावरचा छोटा फिरवायचा रेझिस्टर) आधी सगळ्यात कमी करंटवर नेऊन हळूहळू चढवा, आणि दहा मिनिटांनी तापल्यावर पुन्हा पाहा. आकडा चढतच राहिला तर लगेच बंद.

स्पीकरच्या आधी डमी लोड, म्हणजे स्पीकरच्या जागी रेझिस्टर. ८ ओहम, १०० वॅटचे ॲल्युमिनियमच्या कवचातले चार रेझिस्टर. दोन-दोन एकामागे एक जोडून त्या दोन रांगा समांतर, झाले ८ ओहम, ४०० वॅट. जाड पत्र्यावर घट्ट बसवा, ते भाजतील इतके तापतात. १०० हर्ट्‌झचा सूर देऊन अर्धा तास मध्यम आवाजाच्या पातळीवर चालवा, दर पाच मिनिटांनी डीसी मोजत. मग स्पीकर.

ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (मेनच्या बाजूच्या वेटोळ्याला) जळका वास असेल, बोर्ड कोळसा होऊन भोक पडलं असेल (कोळसा वीज वाहतो, पुसून जात नाही), किंवा नवे आउटपुट दुसऱ्यांदा गेले असतील, तर पेटी बंद करून अनुभवी माणसाकडे न्या. आपण काय काय मोजलं त्याचा कागद सोबत द्या, फक्त "चालत नाही" म्हणून सोडून येऊ नका. त्याचे दोन तास आणि तुमचे पैसे वाचतात.

मी दुरुस्त झालेल्या प्रत्येक ॲम्पच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवतो: तारीख, रेलचे व्होल्ट, प्लेटचे व्होल्ट, आउटपुटचा डीसी, काय बदललं. आणि झाकण लावताना स्क्रू ज्या भोकातले त्याच भोकात. त्या ऑर्केस्ट्रावाल्याच्या ॲम्पचा एक लांब स्क्रू आधी कोणीतरी छोट्याच्या जागी घातला होता. बोर्डाच्या पट्टीपासून त्याचं टोक एका मिलिमीटरवर थांबलं होतं.